मूळ सामान कुठंय?

जुनी स्पोर्ट्‌स बाईक बघायला गेलो की मी आधी किंमत विचारत नाही. किती किलोमीटर पळालीय, हेही नाही. गाडीभोवती एक फेरी मारतो, उकिडवा बसून खालून बघतो, उठतो आणि विकणाऱ्याला विचारतो, "हिचं मूळ सामान कुठंय?"

बाहेरचं सामान लावलेलं असतं ते समोर दिसतंच, आणि विकणारा ते कौतुकानं दाखवतही असतो. हा सायलेन्सर परदेशातून मागवलेला, हे लिव्हर इतक्या हजारांचे, हा एअर फिल्टर धुऊन पुन्हा वापरायचा. मला मात्र त्यांच्या जागी आधी जे होतं त्याचं काय झालं, ते हवं असतं. कंपनीचा सायलेन्सर, कंपनीची फूटरेस्ट, मागचा मडगार्ड, आरसे, पहिला स्प्रॉकेट. कोणी म्हणतं, माळ्यावर असेल, बघावं लागेल. कोणी म्हणतं, गॅरेजवाल्याकडेच राहिलं. कोणी सरळ सांगतं, भंगारात घातलं. आणि क्वचित एखादा काही न बोलता घरात जातो आणि खोका घेऊन येतो. त्या खोक्यासाठी शंभर-दोनशे किलोमीटर जायची माझी तयारी असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बोळात माझं गॅरेज आहे. आजूबाजूला फाउंड्रीची आणि लेथची कामं. हवा तो बुश, हवी ती पिन तासाभरात कातून मिळते. त्यामुळे गाडीत फेरफार करण्याचा मोह इथे उठताबसता होतो. माझा त्याला विरोध नाही, माझं पोट त्यावर भरलंय. पण फेरफारात दोन जाती आहेत, आणि त्या मला पुस्तकातून कळल्या नाहीत.

मी कामाला लागलो ते 1997 साली. यामाहाची आरएक्स हंड्रेड बंद होऊन वर्ष झालं होतं. 1985 ला आलेली ही गाडी 1996 पर्यंत निघाली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पण पोरांना ती अजून पळवायची असायची. माझे वस्ताद त्यांच्या ब्लॉकचे पोर्ट घासून द्यायचे. अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर, मग रॉकेलनं धुणं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकच्या भिंतीत भोकं असतात आणि पिस्टन वर-खाली होताना ती उघडतात, झाकतात. एक्झॉस्टचं भोक वरच्या अंगानं जरा घासलं की ते लवकर उघडतं, गाडी वरच्या आरपीएमला सुसाट जाते आणि खालच्या आरपीएमला मरते. वस्ताद घासण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "दुसरा ब्लॉक आहे का घरात?" नसेल तर कानस हातात घ्यायचे नाहीत. पोरं चिडायची, दुसऱ्याकडे जायची. तेव्हा मला वाटायचं, हातातलं गिऱ्हाईक म्हातारा घालवतोय. आज लोक न घासलेला ब्लॉक शोधत गावोगाव फिरतात आणि मिळेल त्या भावाला घेतात. कानशीनं गेलेलं लोखंड परत येत नाही. पाना लावून काढलेली वस्तू पाना लावून परत बसते.

तेव्हापासून, एकदाची चूक सोडली तर, जुनी गाडी बघताना माझी नजर आधी हेच शोधते. इथे काय खोललंय आणि काय कापलंय.

2008 मध्ये यामाहाची आर फिफ्टीन आली आणि आमच्या गॅरेजची भाषाच बदलली. दीडशे सीसीची गाडी, पण पाण्यावर थंड होणारी, चार व्हॉल्व्हची, फ्युएल इंजेक्शनची. स्क्रू फिरवून कार्बुरेटर लावणारे आम्ही सेन्सर आणि वायरींपुढे बसलो. मला ती गाडी फार आवडली, पण नवी घ्यायची ऐपत नव्हती. दोन वर्षांनी एक जुनी मिळाली. लाल रंगाची, मागे मोठा टायर, पुढे पांढऱ्याशुभ्र उजेडाचा एचआयडी लाईट, दोन जादा हॉर्न, रिमोटचा अलार्म. मी इंजिन ऐकलं, चेन बघितली, पैसे मोजले. सीट उचलून वायरिंग बघितलं नाही. मिस्त्री असून नाही बघितलं. गाडी डोळ्यांत भरली होती.

जुलै महिन्यात आंबोलीच्या घाटात, संध्याकाळी साडेसातला, धुक्यात आणि पावसात तिचा लाईट गेला. आधी लाईट, मग मीटर, मग इंजिन. मागे बायको बसलेली होती. डाव्या हाताला कठडा कुठे संपतो ते दिसत नव्हतं आणि मागून ट्रकचा आवाज येत होता. मोबाईलचा उजेड मागच्या बाजूला धरून ती उभी राहिली आणि मी गाडी ढकलत कडेला घेतली. एका जीपवाल्यानं आम्हाला खाली सावंतवाडीला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सीट काढली, टाकी काढली. मूळ वायरिंगचा जुडगा कंपनीनं काळ्या नळीत घालून नीट नेलेला असतो. तो जागोजागी ब्लेडनं चिरलेला होता. तारेचं कातडं सोलायचं, नवी तार पिळायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची, असे अकरा जोड मी मोजले. चिकटपट्टी उन्हानं वितळून गुळासारखी झाली होती. आत तांबं हिरवं पडलेलं. लाईटची तार थेट बॅटरीवरून घेतलेली, मध्ये फ्यूज नाही. एका ठिकाणी ती हँडलखाली चेसीला घासून उघडी पडली होती. तिथंच पाणी शिरलं.

ते वायरिंग मी बदललं नाही. जोड सोडवले आणि प्रत्येक तार डाग लावून, नळी चढवून पूर्ववत केली. चार रविवार गेले. त्या चार रविवारांत जे शिकलो त्यावरच आज लोक मला जुनी गाडी बघायला घेऊन जातात.

आता भाच्याची गोष्ट. बहिणीचा धाकटा. पुण्यात नोकरीला लागला आणि त्यानं केटीएमची आरसी थ्री नाइंटी घ्यायची ठरवलं. जुनी, पण 2017 नंतरची. त्याचं म्हणणं बरोबर होतं. 2014 ला आलेल्या पहिल्या आरसीचा सायलेन्सर पोटाखाली होता. 2017 ला तो बाजूला आला, पुढची डिस्क 320 मिलिमीटरची झाली, थ्रॉटल तारेऐवजी इलेक्ट्रॉनिक झाला. 373 सीसीचं एकच पिस्टन, 89 मिलिमीटरचं बोअर आणि 60 चा स्ट्रोक. रुंद आणि आखूड, म्हणजे वरच्या आरपीएमलाच रमणारं इंजिन. ही गाडी चाकणला बनते, याचा मला उगाच अभिमान वाटतो. माझ्या ओळखीची पोरं तिथं लाईनवर उभी असतात.

पहिली गाडी पिंपरीत होती. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. 2018 ची, मीटरला 11,000 किलोमीटर. फुल सिस्टीम सायलेन्सर, म्हणजे बेंड पाइपपासून सगळा बाहेरचा. क्लच न दाबता गियर बदलायचा क्विकशिफ्टर, रिअरसेट म्हणजे मागे आणि उंच नेलेल्या फूटरेस्ट, मागे 160 चा टायर, शेपटीवरचा मडगार्ड गायब, नंबर प्लेट सीटखाली. विकणारा पंचविशीतला मुलगा. "नव्वद हजारांचं सामान आहे काका," म्हणाला.

मी फोनवर सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचलो, नमस्कार झाला, आणि मी पहिल्यांदा इंजिनच्या कव्हरला तळवा लावला. कोमट होतं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, उठताना टायमिंग चेन किती वाजते, तेल वर चढेपर्यंत कसला आवाज येतो, हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं आणि मग कळत नाही. मी काही बोललो नाही. भाच्याकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली.

मग हँडल डावीकडे पूर्ण वळवून टॉर्च घेतली. चेसीच्या गळ्याशी, जिथे फोर्कचा टी बसतो, तिथे हँडल अडवणारे दोन छोटे ठोकळे असतात. आम्ही त्यांना स्टॉपर म्हणतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं दुसरं काही बघितलं नाही तरी हे बघावं. गाडी जोरात पडते तेव्हा हँडल फाटकन टोकाला जातं आणि सगळा दणका त्या बोटाएवढ्या लोखंडावर येतो. फेअरिंग नवी टाकता येते, टाकी रंगवता येते, लिव्हर बदलता येतात. स्टॉपरची दाबलेली कड कोणी दुरुस्त करत बसत नाही. या गाडीचा उजवा स्टॉपर चपटा झाला होता आणि भोवतीचा केशरी रंग उडून त्यावर ब्रशनं दुसराच केशरी लावलेला होता.

मग मी दोरी काढली. माझ्या पिशवीत सुतळीचा एक गुंडा कायम असतो. मागच्या टायरला मागून वेढा देऊन दोरीची दोन्ही टोकं जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढच्या चाकापर्यंत ताणत न्यायची. दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना नुसती टेकली पाहिजे. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना फट राहते. 150 चा मागचा आणि 110 चा पुढचा असेल तर प्रत्येक बाजूला साधारण दोन सेंटीमीटर. इथे मागे 160 होता, म्हणजे अडीच-अडीच यायला हवी होती. डावीकडे चार आली, उजवीकडे एक. चेनचे अ‍ॅडजस्टर आधी तपासले, दोन्हीकडच्या खुणा सारख्या होत्या. म्हणजे चाक तिरकं बसवलेलं नव्हतं. वाकलं होतं ते दुसरं काहीतरी, फोर्क, टी किंवा चेसी. यातलं काय, ते खोलल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दुसऱ्याची गाडी खोलायला आम्ही आलो नव्हतो.

160 च्या टायरबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, कारण दर दुसऱ्या गाडीवर हा प्रकार दिसतो. या गाडीचं मागचं रिम चार इंच रुंद आहे आणि कंपनीनं त्यावर 150 चा टायर दिलाय. त्यावर रुंद टायर चढवला की रिम त्याच्या दोन्ही कडा आत ओढतं आणि टायर मधोमध टेकडीसारखा उचलला जातो. मागून बघताना दणकट वाटतो, पण सरळ रस्त्यावर टेकतो कमी आणि वळणात गाडी जड पडते. पैसे घालून गाडी बिघडवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तेही बघावेत. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि पहिल्या पावसात ते दगडासारखं वागतं.

शेवटी गाडी चालू करायला सांगितली. फुल सिस्टीमचा आवाज पार्किंगच्या स्लॅबला आपटून परत येत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी खिडकी लावून घेतली. भाच्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या डोक्याला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. कॅमच्या बाजूला बारीक खरखर होती, चेन सैल झाल्यासारखी. स्क्रूड्रायव्हर काढला की ती ऐकू येत नव्हती. मोठा सायलेन्सर लावलेली गाडी विकत घेताना हा धोका असतो, तो इंजिनचं बोलणं झाकून टाकतो. बेंड पाइप गळ्याशी गडद निळा पडला होता. थोडा निळेपणा नव्या पाइपलाही येतो, पण इतका गडद दिसला की मी मिश्रणाचा विचार करतो. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की हवा जास्त येते. त्या प्रमाणात पेट्रोल वाढवायला ईसीयूचा मॅप बदलावा लागतो, नाहीतर इंजिन कोरडं चालतं आणि तापतं.

"मॅप कोणी केला?" मी विचारलं.

"मॅप नाही केला, गरज नव्हती पडली."

"मूळ सायलेन्सर?"

"तो... गॅरेजवाल्याला दिला. त्यानं फिटिंगचे पैसे घेतले नाहीत मग."

मुलगा खोटारडा नव्हता. त्याला गाडीची हौस होती आणि कोणीतरी त्याला एकेक करून सामान विकत गेलं. मला त्याचा राग आला नाही. पण ती गाडी मी भाच्याला घेऊ दिली नाही, आणि परतीच्या बसमध्ये तो साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

खंबाटकीचा घाट गेल्यावर मीच त्याला कायद्याचं सांगत बसलो, तो ऐकत असो वा नसो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, नोंदलेल्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. सायलेन्सरचा प्रश्न तर रोजचाच. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावर रोलर फिरवलाय. ते फोटो बघून पोरं हळहळतात. मी हळहळतो ते वेगळ्या कारणानं. त्यातल्या किती जणांकडे घरी जाऊन लावायला मूळ सायलेन्सर असेल? नवा घ्यायला गेलं की किंमत ऐकून लोक कुठलातरी तिसराच डबा वेल्डिंग करून घेतात, आणि मग ती गाडी कायमची बिघडते. विम्याचंही तसंच. न कळवलेले बदल क्लेमच्या वेळी बरोबर आडवे येतात.

कागद मी थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणे असले तरी अवघड नाहीत. आरसी बुकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा, फोटोवरून नाही. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. नाव बदलायला 29 आणि 30. दुसऱ्या राज्यातली असेल तर 28 ची एनओसी, आणि इथला कर नव्यानं भरायची तयारी. सह्या करून कोरे फॉर्म देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही माझं हात जोडून सांगणं असतं की असं करू नका. कागदावर नाव राहिलं तर त्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी विकणाऱ्याच्या दारात येऊन उभी राहते.

दुसरी गाडी तीन महिन्यांनी सापडली. सांगलीला, एमएच 10 पासिंग, 2019 ची, 23,000 किलोमीटर. भाच्याचं तोंड पडलं. पहिलीच्या दुप्पट पळालेली, सायलेन्सर स्लिप-ऑन, म्हणजे फक्त मागचा डबा बदललेला. रिअरसेट होते, ब्रेकला स्टीलच्या जाळीचे होस होते, आणि पुढचा स्प्रॉकेट पंधराऐवजी चौदा दात्यांचा. बाकी गाडी होती तशीच.

मालक तिशीतला, एका शाळेत शिक्षक. आम्ही पोचलो तेव्हा गाडीवर कापड होतं. तळवा लावला. गार. गाडी रात्रभर हलली नव्हती.

मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "एकदा डाव्या अंगावर पडलीय. नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याला. उसाच्या ट्रॅक्टरनं चिखल सांडला होता, वळणात पुढचं चाक गेलं. डावं हँडल आणि फूटरेस्ट बदललं, बिल आहे. चेसीला काही नाही, पण तुम्ही बघा की." मी बघितलं. स्टॉपरच्या कडा कोऱ्या होत्या, मूळ रंगासकट. दोरी लावली, दोन्ही बाजूंना दोनच्या आसपास, एक-दोन मिलिमीटरचा फरक. तेवढा टायरचाही असतो.

सीट काढली. मी मुद्दाम वेळ घेतला. मूळ जुडगा अखंड होता. फोन चार्जिंगसाठी एक जोड दिला होता, पण तार चिरून नाही. कंपनीच्या खटक्यातच मधे एक छोटा खटका घातलेला, काढला की खूण राहणार नाही असा, आणि स्वतंत्र फ्यूज. तारांना एकसारख्या अंतरावर टाय, टायची टोकं कापून आतल्या बाजूला वळवलेली, हात फिरवला तर बोचू नयेत म्हणून. मी भाच्याला बोलावलं आणि त्याचा हात धरून त्या टायवरून फिरवला. त्याला लगेच कळलं नाही असं वाटलं. मग त्यानं स्वतःच पुन्हा एकदा फिरवला.

स्प्रॉकेटबद्दल मालक म्हणाला, "चौदाचा बसवला कारण गावातून जाताना तिसऱ्या गियरला गाडी अडखळायची. आता चांगली ओढते, पण हायवेला तोच वेग धरला तर आरपीएम जास्त राहतो. तुम्हाला पुणे-कोल्हापूर करायचं असेल तर पंधराचा परत लावा." हिशेब बरोबर होता. एक दात कमी केला की त्याच वेगाला इंजिन साधारण सात टक्के जास्त फिरतं. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण आपण केलेल्या फेरफाराचा तोटाही न विचारता सांगणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटलीत.

थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं. टायमिंग चेन दोन सेकंद वाजली आणि तेल चढल्यावर गप्प झाली. मी चालवून आलो. चौथ्या गियरला कमी आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण उघडून क्लच सरकतो का ते बघितलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात भार असताना गियर सुटतो का ते बघितलं, रिकाम्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल थरथरतं का ते बघितलं. पुढची डिस्क झिजली होती. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते आणि ही तिच्या जवळ आलेली होती. चेन-स्प्रॉकेटचं आयुष्य संपत आलं होतं. मागच्या बाजूनं चेन बोटानं ओढली की ती दात्यावरून उचलली जात होती. हे दोन खर्च समोर होते आणि मी ते बोलून दाखवले. मालकानं किंमत थोडी कमी केली. फार घासाघीस मला करवली नाही.

मग तो प्रश्न. "मूळ सामान कुठंय?"

तो आत गेला. आईला काहीतरी बोलल्याचा आवाज आला, स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि तो एक मोठा खोका घेऊन बाहेर आला. मिक्सरचा का कसला तरी जुना खोका. त्यात कंपनीचा सायलेन्सर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला, तोंडाला फडकं बांधून, आत झुरळं जाऊ नयेत म्हणून. कंपनीच्या फूटरेस्ट, दोन्ही बाजूंच्या. पंधरा दात्यांचा स्प्रॉकेट, ग्रीस लावून वर्तमानपत्रात बांधलेला. मेडिकलमध्ये गोळ्या घालून देतात तशा छोट्या पिशव्यांत बोल्ट आणि वॉशर, आणि प्रत्येक पिशवीवर बॉलपेननं लिहिलेलं, "डावा, वरचा", "सायलेन्सर क्लॅम्प", "हा एकच लांब आहे". अक्षर शिक्षकाचं, शिरोरेघेसकट.

भाचा तो "हा एकच लांब आहे" वाचत बराच वेळ उभा राहिला.

व्यवहार झाला. फॉर्मवर सह्या समोरासमोर झाल्या. चहा झाला, त्याच्या आईनं भडंग दिला. गाडी भाच्यानं घेतली, मी मागे माझ्या गाडीवर. खोका माझ्या मागच्या सीटला दोरीनं बांधला, तीच सुतळीची दोरी, दुहेरी करून. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले. पुढे त्याचा मागचा लाल दिवा, आणि तो जोरात नाही गेला.

गॅरेजला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मी शटर अर्धं खाली घेतलं. त्याला म्हटलं, जेवायला घरी जायच्या आधी एक काम करू. इंजिन निवेपर्यंत थांबलो. स्लिप-ऑनचे दोन बोल्ट, क्लॅम्प, स्प्रिंग काढलं. चादरीतून मूळ सायलेन्सर काढला, तोंडाचं फडकं सोडलं, पिशवीतून "सायलेन्सर क्लॅम्प" काढला. "हा एकच लांब आहे" म्हणून लिहिलेला बोल्ट खरोखरच खालच्या भोकाला लागला, बाकीचे तिथे पोचत नव्हते. बोल्ट भाच्यानं आवळले. मी फक्त टॉर्च धरली.

"चालू कर."

त्यानं सेल्फ मारला. गॅरेजमध्ये एवढीच धडधड भरली की आम्हाला एकमेकांशी हळू आवाजात बोलता येत होतं. तो खाली वाकला.

"मामा, ही टिकटिक कसली?"

"इंजेक्टर."

"आणि ती मागची?"

"चेन. बदलू उद्या."

तो आणखी खाली वाकला, कान फेअरिंगच्या फटीशी नेला. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि मूठ कुठे टेकवायची ते दाखवलं. तापमानाच्या काड्या एकेक करून वर चढत गेल्या. मग रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि त्याची गरम हवा आमच्या पायांवर आली. भाच्यानं गाडी बंद केली नाही. स्क्रूड्रायव्हर हेडवरून काढून क्लच कव्हरवर ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.